तिसरी काच

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तसा मी गप्प बसणारा माणूस नाही. अमरावतीच्या बाजारात माझ्याशी भाव करायला लोक दोनदा विचार करून येतात, आणि मी तापलो की माझा आवाज रस्त्यापलीकडच्या दुकानात ऐकू जातो — कुणालाही विचारा. पण ही एक गोष्ट, दहा वर्षं झाली, ओठांशी आली की मी दुसरंच काहीतरी बोलायला लागतो.

ते ‘दुसरं काहीतरी’ कदाचित तुमच्याही कानावर आलं असेल. मी ते पुष्कळ ठिकाणी सांगितलं आहे. भातकुलीकडचा एक पोरगा कॉलेजात शिकायला येतो, नाटकात मोठं काम मिळवतो, आणि ‘मला’च्या जागी ‘मले’ म्हणाला म्हणून त्याला सगळ्यांच्या देखत काढून टाकतात. मग तो हातात ब्रश घेतो, आणि आज धारणीपासून अकोल्यापर्यंतच्या टॉकीजवाल्यांची पोस्टरं त्याच्या हातची असतात. लोकांना ही गोष्ट आवडते. आणि ती खरी आहे. म्हणूनच तर ती इतकी वर्षं कामाला आली. खऱ्या तक्रारीच्या आडोशाला माणूस किती निवांत बसू शकतो, याचा तुम्हाला अनुभव आहे का? मला आहे.

तर सांगतो. पण माझी एक खोड आधीच सांगून ठेवतो — कोणताही सौदा मी कमी भावानं सुरू करतो. तेव्हा पहिल्यांदा जे कबूल करीन तेवढंच सगळं आहे असं धरून चालू नका.

आपला वऱ्हाड मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्याला वर्ष-सव्वा वर्ष झालं होतं. कॉलेजात मराठीचे नवे सर आले होते, पुण्याकडचे. माणूस हौशी. स्नेहसंमेलनासाठी त्यांनी स्वतः नाटक लिहिलं — एका विधवा शिक्षिकेचं. आणि ठरवलं की शिक्षिकेचं काम मुलगीच करील. तोवर आमच्याकडे मिशा काढलेला मुलगाच नऊवारी नेसून उभा राहायचा. त्या कामासाठी सरांनी नलिनीची निवड केली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. वडील पोस्टात होते. सर तीनदा त्यांच्या घरी जाऊन आले तेव्हा कुठे ते हो म्हणाले, आणि तेही एका अटीवर — पोरीबद्दल गावात वाईट बोललं जाता कामा नये. तिला पुढे शाळेत शिकवायचं होतं. घरातली शिकवणारी पहिली बाई मी होणार, असं ती सगळ्यांना सांगायची.

नायकाचं काम माझ्याकडे होतं. शेवटच्या प्रवेशात मी तिच्यासमोर हात जोडून म्हणायचं होतं — “मला माफ करा, बाई.” तालमीत मी अगदी मनापासून म्हणालो, “मले माफ करा, बाई.” आणि नलिनी हसली. तोंडावर पदर धरायचंही तिला सुचलं नाही, खळखळून हसली. मग सगळेच हसले. सरांनी तीन-चारदा म्हणवून घेतलं. रागानं माझी जीभ आणखी जड झाली, आणि चौथ्या वेळी मी मुद्दाम ‘मले’च म्हणालो. दुसऱ्या दिवशी काम दुसऱ्याला गेलं.

सर वाईट नव्हते. माझी चित्रकला त्यांनी पाहिली होती. म्हणाले, तुम्ही आपल्या नाटकाचा ट्रेलर करा. ट्रेलर म्हणजे काय, तर पाच काचेच्या स्लाइड. आमच्या गावातल्या एका टॉकीजच्या मालकाला त्यांनी तयार केलं होतं. आठवडाभर, पिक्चर सुरू व्हायच्या आधी, जाहिरातींच्या काचा दाखवतात तिथं आमच्या पाच काचा एकामागून एक पडद्यावर यायच्या — पहिलीवर शाळेची घंटा आणि नाटकाचं नाव, दुसरीवर नायक, तिसरीवर शिक्षिका, चौथीवर एक प्रवेश, पाचवीवर तारीख. फोटो स्टुडिओत काढायचे, काचेवर उतरवायचे, वर पातळ रंग भरायचे आणि दुसरी काच ठेवून काळ्या कागदाच्या पट्टीनं कडा बंद करायच्या.

मी घासाघीस केली. पाचव्या काचेवर माझं नाव हवं म्हणालो. सर कबूल झाले. आणि काम हाती घ्यायच्या आधी मला नीट अभ्यास करू द्या म्हणालो — तेही त्यांना फार आवडलं.

अभ्यास मी खरंच केला. ही पहिली कबुली. कारण नंतर मी शपथेवर सांगत सुटलो की मला त्यातलं काही कळत नव्हतं.

चार रविवार मी बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला गेलो. तिथं जुन्या शहरात गफूरभाई नावाचे पेंटर होते. टॉकीजबाहेरचे मोठे कापडी पडदे रंगवायचे, आणि आमच्या कॉलेजच्या नाटकांचे देखावेही वर्षानुवर्षं त्यांच्याच हातचे. मी वही घेऊन त्यांच्या मागे हिंडलो. कापसाचे दिवस होते. कापूस मोडून, म्हणजे विकून, आलेली खेड्यातली माणसं टॉकीजसमोर उभी राहायची, वर बघायची, आणि अक्षर न वाचता आपसांत ठरवायची की या पिक्चरला बायकांना आणायचं की नाही. गफूरभाई मला म्हणायचे, “पाह्य बावा, अक्षर थोड्याच लोकायले वाचता येते. रंग सगळ्यायले येते.”

ती वही माझ्याकडे अजून आहे — म्हणजे परवापर्यंत होती. तिच्यात मी सगळं टिपलं होतं. देवाचा पिक्चर असेल तर चेहरा समोरून, दोन्ही डोळे बघणाऱ्याकडे, मागे सोनेरी वर्तुळ. देव कधी तिरपा काढत नाहीत. मारामारीचा असेल तर सगळंच तिरपं — घोडा तिरपा, माणूस तिरपा, अक्षरंसुद्धा तडकलेली, आणि लाल-पिवळा रंग ओतलेला. घरगुती, रडवणारा पिक्चर असेल तर निळसर रंग, नायिकेची नजर खाली, पदर डोक्यावर, कोपऱ्यात एखादं लेकरू नाहीतर समई. आणि वाईट बाई कशी दाखवायची? उजेड खालून, हनुवटीवर आणि गालांवर हिरवा रंग, एक भुवई चढवलेली, मान खांद्यावरून मागे वळलेली. आणि दात दिसले पाहिजेत. हे गफूरभाईंनी मला दोनदा सांगितलं होतं. “चांगल्या बाईचे दात पोस्टरवर दिसत नाई. चांगली बाई ओठ मिटून हासते. दात दिसले का पब्लिक समजून जाते, कोन आहे म्हनून.”

मी भावाचा पक्का. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणारा नाही. म्हणून मी एक साधा चेहरा कागदावर काढला, त्याला दात दाखवले, खालून हिरवा रंग दिला, आणि स्टेशनबाहेरच्या एका टांगेवाल्यासमोर धरला. विचारलं, ही बाई कशी असेल? त्यानं चाबूक खाली ठेवायच्या आत सांगितलं. काय सांगितलं ते लिहीत नाही. वहीत लिहिलं आहे.

आता सांगा, ज्यानं हे करून पाहिलं आहे तो माणूस नकळत चूक करील का?

तिसरी काच मी रंगवली. गफूरभाईंच्या दुकानात बसून, पण ते नमाजाला गेले असताना. रंग भरायचं काम मी त्यांनाच दिलं होतं, बाकीच्या चार त्यांनी रंगवल्या होत्या. मी म्हणालो, एक तरी माझ्या हातची होऊ द्या. ते खूश झाले. मी नलिनीच्या फोटोंपैकी दात दिसणारा फोटो निवडला होता. मान किंचित मागे, डोळे बारीक झालेले, ओठ पूर्ण उघडे. हनुवटीखालून हिरवा रंग चढवला, ओठांना गडद तांबडा दिला, कपाळावरचा पदर काळ्या रंगात बुडवून टाकला. चेहऱ्याखाली फक्त एक शब्द — ‘मास्तरीण’. गफूरभाई परत यायच्या आत दुसरी काच ठेवून कडा चिकटवून टाकल्या. त्यांनी बंद काच हातात घेतली, वजन घेतल्यासारखी वरखाली केली आणि म्हणाले, पट्टी झकास लावली. उजेडासमोर धरून बघितली नाही. माझ्यावर विश्वास होता ना.

रविवारी तीनच्या खेळाला ट्रेलर पहिल्यांदा दाखवायचा होता. मी खालच्या बाकांवर बसलो होतो. वर, खुर्च्यांमध्ये, नलिनीचे वडील होते. बायकोला आणि धाकट्या मुलीला घेऊन आले होते. सिनेमाची त्यांना आवड नव्हती, मुलीचं चित्र बघायला आले होते. नलिनी घरीच थांबली होती. स्वतःला एवढं मोठं बघायची लाज वाटते म्हणाली, असं पुढे कळलं. वडिलांनी धुतलेला कोट घातला होता. मला बघून त्यांनी हात वर केला. मीही केला.

घंटा आली. नायक आला. मग ती आली — भिंतीएवढी. हिरवी. हसणारी.

आधी दोन शिट्ट्या पडल्या. मग पुढच्या बाकावरून कुणीतरी आरामात, दुकानात गिऱ्हाईक बोलतं तसं बोललं, “ओ मास्तरीनबाई, आमाले बी शिकवा ना.” दुसरा म्हणाला, “फी काय घेता ते तं इचार.” मग अख्खं खालचं टॉकीज सुटलं. त्यांचं काय चुकलं? त्यांनी पोस्टर वाचलं. मी लिहिलं होतं तेच वाचलं.

मी मागे वळून वर बघितलं. वडील उभे राहिले होते. ओरडले नाहीत. धाकट्या मुलीच्या डोळ्यांवर हात ठेवून तिला जिन्याकडे नेत होते. तिला काही कळत नव्हतं. ती हात काढायला बघत होती आणि विचारत होती की ताई अजून आहे का पडद्यावर.

मालकानं सहाच्या खेळाला काचा दाखवल्याच नाहीत. नलिनी सोमवारी कॉलेजात आली नाही. मंगळवारीही नाही. सर त्यांच्या घरी गेले तेव्हा दार उघडलं, पाणी दिलं, आणि वडील एवढंच म्हणाले की तुम्ही शब्द दिला होता. तिनं परीक्षाही दिली नाही. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. शिक्षिकेचं काम शेवटी एका मुलानं नऊवारी नेसून केलं, आणि रडायच्या जागी लोक हसले.

सरांनी मला बोलावलं. तोवर मी तयार होतो. मी मान खाली घातली आणि इतकी वर्षं ज्या बोलीचा मला राग यायचा तीच बोली पुढे केली. “सर, मी खेड्यातला मानूस. मले रंगातलं काय समजते? फोटो मी नेऊन देल्ले. रंग पेंटरनं भरले.” एवढी चार वाक्यं. सरांना ते लगेच पटलं. ज्याला ‘मला’ म्हणता येत नाही त्याला एवढी अक्कल कुठून असणार?

पुढच्या आठवड्यात गफूरभाई देखावे घेऊन अमरावतीला आले. सरांनी त्यांना आवारातच थांबवलं. मी शेजारी उभा होतो. सर म्हणाले, सभ्य घरातल्या मुलीला असं रंगवतात? गफूरभाईंनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. नवीन पोस्टरकडे बघावं तसं — एकदाच, पण पूर्ण. मग सरांना म्हणाले, “हां साहब, गलती झाली.” त्या वर्षापासून कॉलेजचं काम त्यांना मिळालं नाही. का मिळालं नाही हे गावात पसरलं, मग दुसऱ्या शाळांनीही बोलावणं सोडलं. सरांनी देखावे परत न्यायला लावले; स्टेशनकडे जाणाऱ्या बैलगाडीत ते चढवताना मी हात लावायला गेलो, तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, “शिकवलं तं मीच ना तुले.” एवढंच. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत आणि माझ्याविषयीही कुणाजवळ बोलले नाहीत.

झालं? नाही. इथवरचा भाव मी मनातल्या मनात पुष्कळदा देऊन बघितला आहे. याच्यासाठी माझ्याजवळ उत्तरंही तयार आहेत. तरुण होतो. अपमान झाला होता. मला वाटलं, ती जशी एकदा हसली तसे लोक तिला एकदा हसतील आणि फिटंफाट होईल. ही उत्तरं ऐकणारा माणूस थोडा विरघळतो, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच आता पुढचं सांगतो. ते ऐकल्यावर ती उत्तरं उरणार नाहीत.

नलिनीनं माझी माफी मागितली होती. काच रंगवायच्या आधी. फोटो काढायच्याही आधी.

कॉलेजच्या सायकली ठेवायच्या शेडपाशी ती माझी वाट बघत थांबली होती. त्या काळी एका मुलीनं मुलाची वाट बघत उभं राहणं ही काय गोष्ट होती हे तुम्ही जाणता. आसपास मुलं होती, बघत होती. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “त्या दिवशी मी हसायला नको होतं. माझं चुकलं. तुम्ही ते वाक्य सगळ्यांपेक्षा चांगलं म्हटलं होतं.” आणि पुढे हेही म्हणाली की तिनं सरांना सांगून पाहिलं, नायक गावाकडचाच दाखवा, त्याला त्याच्या बोलीत बोलू द्या — पण सर ऐकत नाहीत.

मी काय केलं? हसलो. म्हणालो, “जाऊ द्या हो. मले काहीच वाटलं नाही.”

मी बाजारातला माणूस आहे. बाजारात एक गोष्ट सगळे पाळतात, चोरसुद्धा पाळतात — भाव ठरला, समोरच्यानं तो दिला आणि आपण घेतला, की मग माल अडवायचा नाही. अपमान सगळ्यांसमोर झाला होता. तिनं माफीही सगळ्यांसमोर मागितली. जेवढ्यास तेवढं. त्याहून थोडं जास्तच. मी ते घेतलं, खिशात घातलं आणि माल दिला नाही. माझ्यावरच्या अन्यायाची जी गोष्ट मी दहा वर्षं सांगत आलो, तिच्यात हे सायकलींच्या शेडचं पान मी कधी येऊ दिलं नाही. ते आलं असतं तर गोष्टच संपली असती.

अजून एक आहे. हा शेवटचा भाव. याच्यावर काही नाही.

स्टुडिओत फोटो काढताना मी हजर होतो. काम माझ्याकडेच होतं ना. नलिनी शिक्षिकेच्या पांढऱ्या पातळात बसली होती, ओठ मिटून, नजर खाली. वडिलांनी बजावलं होतं, गंभीर बस. फोटोवाल्यानं दोन फोटो घेतले. दोन्ही उत्तम. देवळात लावावेत असे. मग मी म्हणालो, अजून एक घ्या. आणि फोटोवाल्याचं बोट दाबायच्या बेतात असताना मी कॅमेऱ्याशेजारी उभा राहून हात जोडले आणि नाटकी गळा काढून म्हणालो, “मले माफ करा, बाई.”

ती हसली. तसंच, खळखळून. पण या वेळचं हसणं वेगळं होतं, हे मला तेव्हाही कळलं. आमचं भांडण मिटलं, आता आपण दोघं मिळून त्या दिवशीच्या प्रसंगाला हसू शकतो, असं ते हसणं होतं. माझ्यावर विश्वास ठेवून ती हसली. आणि मला त्या हसण्यातले फक्त दात हवे होते.

तो फोटो मी योगायोगानं निवडला नव्हता. तो मी घडवून आणला होता.

आज हे का सांगतो आहे? गेल्या महिन्यात ती माझ्या दुकानात आली. ओळखायला मला क्षणही लागला नाही — चेहऱ्यांचाच माझा धंदा. सासरी, अकोल्यात, तिनं घरच्या ओसरीवर बालवाडी सुरू केली आहे, तिची पाटी हवी होती. बरोबर शेजारीण होती. नलिनीनंही मला ओळखलं. तुम्ही आमचा ट्रेलर केला होतात ना, म्हणाली. मग मी न विचारता स्वतःच बोलली. आवाजात कडवटपणा नव्हता, जुन्या आजारपणाविषयी बोलावं तसं बोलली. पेंटरला लोक उगाच बोलले, म्हणाली. फोटोच तसा होता तर तो बिचारा काय करणार?

“चूक माझीच. बाबांनी सांगितलं होतं गंभीर बस. तुम्ही काहीतरी गंमत केलीत आणि मी दात काढून हसले. तुम्ही चांगल्या मनानं हसवत होतात हो, पण मला कळायला नको?”

शेजारीण म्हणाली, म्हणूनच हिचा एकही फोटो हसरा नाही. बालवाडीतल्या लेकरांबरोबर काढला त्यातसुद्धा ओठ मिटलेले.

ती माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. मी तेव्हा सांगितलं? नाही. मी विचारलं, अक्षरं कोणत्या रंगात पाहिजेत. ती निळ्या म्हणाली. भाव मी सांगितला नाही, तिनं सांगितला तो घेतला. शेजारीण बाहेर जाताना म्हणाली की लोक सांगतात तेवढे काही तुम्ही कडक नाही. दहा वर्षांपूर्वीचा भित्रेपणा तरुणपणावर ढकलता आला असता. हा कशावर ढकलू?

पाटी मी स्वतः रंगवली. निळी अक्षरं, पांढऱ्यावर. कोपऱ्यात एक लेकरू काढलं. मग ट्रंकेच्या तळातून ती वही काढली. टांगेवाल्याचं पान काढलं, आणि त्याच्या समोरच्या कोऱ्या पानावर लिहिलं — तिसरी काच मी रंगवली. असं होणार हे मला माहीत होतं. हसवलं ते त्या फोटोसाठीच. गफूरभाईंनी त्या काचेला रंग लावला नव्हता, सरांशी मी खोटं बोललो. खाली पूर्ण नाव लिहिलं, पाचव्या काचेवर लिहून घेतलं होतं तसं. पानाचा कोपरा दुमडला. पाटी आणि वही एकाच गठ्ठ्यात बांधली आणि परवा अकोल्याला रवाना केली. सरांची बदली कुठे झाली ते शोधून त्यांनाही तेच चार ओळींत कळवलं. गफूरभाई दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांना पाठवायला जागा नाही. म्हणून आता तुम्हाला सांगितलं, आणि यापुढे जिथं जिथं माझी ती गाजलेली गोष्ट सांगायला लावतील तिथं ही सांगणार.

तुम्हाला वाटेल, आता हा माणूस बेचैन असेल. नाही. खरं सांगू? बरं वाटतं आहे. काल जेवून उठलो तो दुकानातच आडवा झालो आणि भरदुपारी मेल्यासारखा झोपलो. उठलो तेव्हा समोरच्या भिंतीवर सुकायला लावलेलं एक पोस्टर होतं, बाईचं, आणि मी त्याच्याकडे नुसतं बघत राहिलो — बऱ्याच वर्षांनी कुठलाही हिशेब न करता. ती काय करील, मला ठाऊक नाही. वही वडिलांना दाखवील, जाळील, अकोल्याच्या चौकात वाचून दाखवील. पाटी परत पाठवील. जे करील ते करो.

गठ्ठ्यात चिठ्ठी ठेवली नाही. एक वाक्य लिहायला घेतलं होतं, मग कागद फाडला. ते वाक्य मी तिच्यासमोर दोनदा म्हटलेलं आहे — एकदा तालमीत आणि एकदा कॅमेऱ्याशेजारी उभं राहून. ती दोन्ही वेळा हसली. तिसऱ्यांदा मी ते म्हणणार नाही.